मागच्या फाटकाची वहिवाट

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. एक माणूस जाईल एवढंच. स्कूटर काढायची तर हँडल तिरकं करावं लागे. पलीकडे कच्ची पायवाट, तिच्या टोकाला पुढच्या सोसायटीची भिंत, आणि त्या भिंतीच्या कडेकडेनं गेलं की चार-पाच मिनिटांत बसस्टॉप, भाजीवाले, दवाखाना. सहा वर्षांपूर्वी सोसायटीतून दोन सायकली चोरीला गेल्या. त्या कुठल्या बाजूनं गेल्या हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कॅमेरा पुढच्या गेटवर होता आणि तोही बंद होता. तरी वार्षिक सभेत विषय निघाला, हात वर झाले आणि मागचं फाटक वेल्डिंग करून कायमचं बंद झालं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

आता त्याच बसस्टॉपला पुढच्या गेटनं जायला मला घड्याळ लावून बावीस मिनिटं लागतात. मी अर्थातच चालत जात नाही, स्कूटर काढतो. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींकडे स्कूटर नाही. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी भिंतीच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे ठोकळे रचले आहेत आणि वर काचा लावल्या आहेत तिथं सिमेंटचं रिकामं पोतं चौपदरी घडी करून टाकलं आहे. रोज सकाळी साडेसातला साड्या खोचून पाच-सहा बायका ती भिंत ओलांडतात. वॉचमन तेवढ्यापुरता दुसरीकडे बघतो.

पुण्याच्या वाहतुकीवर इतकं लिहिलं-बोललं जातं, पण त्या पोत्यावर कुणी बोलत नाही. आपली सगळी चर्चा रस्ता किती रुंद आहे, उड्डाणपूल कुठं हवा, मेट्रो कधी येणार यावर चालते. रस्ता कुठून कुठं जातो, आणि मुळात कुठं जातो तरी का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझ्या मते शहराच्या नव्या भागांची अर्धी कोंडी या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

पुण्यात पत्त्यावरून रस्ता ओळखता येतो. शिवाजीनगर, गुलटेकडी, संगमवाडी या भागांत जुन्या इमारतींच्या पत्त्यात ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो. म्हणजे तिथं कधीकाळी नगररचना योजना झाली. शेतांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र घेतले, आधी रस्ते आखले आणि मग प्रत्येक मालकाला त्याचा चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत दिला. त्या पत्त्यावर तुम्ही गेलात तर गल्ली एका रस्त्यावरून आत शिरते आणि दुसऱ्या रस्त्याला बाहेर पडते. आता बावधन, वाघोली, उंड्री, पिसोळी, आंबेगाव, धायरीकडे या. पत्ता सुरू होतो ‘स. नं.’नं, म्हणजे शेताच्या सर्व्हे नंबरानं, पुढं हिस्सा नंबर, पुढं आणखी एक तिरकी रेघ, आणि शेवटी ‘अमुक मंगल कार्यालयाच्या मागे’. म्हणजे इथं शहर आलं, पण शेताच्या बांधावरून आलं. वर सहाशे फ्लॅट उभे राहिले तरी खाली अजून कुणाच्या तरी आजोबांची वाटणी आहे.

हे घडतं कसं, ते एकदा नीट पाहायला हवं. चार भावांच्या वाटणीत सर्व्हे नंबरचे चार हिस्से होतात. पहिला भाऊ बिल्डरला जमीन देतो, दुसरा भाव वाढायची वाट बघतो, तिसऱ्याचा दावा कोर्टात असतो, चौथा गुंठ्या-गुंठ्यानं विकून मोकळा होतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात घर बसतं, रस्ता बसत नाही. बिल्डर आपल्या हिश्श्यापुरता रस्ता काढतो आणि तो सरळ मुख्य रस्त्याला नेऊन सोडतो. शेजारचा बिल्डर तेच करतो, त्याच्या शेजारचाही. वरून पाहिलं तर फणी दिसते. दाते सगळे एका दांडीला चिकटलेले आणि एका दात्यातून शेजारच्या दात्यात जायचं तर आधी दांडीवर यायचं. ही दांडी म्हणजे आपला नगर रस्ता, कात्रज-कोंढवा रस्ता, सिंहगड रस्ता. शेजारच्या सोसायटीतल्या मित्राकडे वाढदिवसाला जाणारा पोरगा आणि सोलापूरहून आलेला कंटेनर एकाच सिग्नलला उभे राहतात ते याच रचनेमुळं.

पेठांमध्ये असं होत नाही. तिथले रस्ते काही फार रुंद नाहीत. कित्येक ठिकाणी दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. तरीही अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता दिवसभर आणि रात्रभर मिरवणुकीला दिलेले असतात आणि सदाशिव पेठेतला माणूस तरीही दूध घेऊन घरी पोचतो. या बोळातून शिरतो, त्या वाड्याच्या कडेनं निघतो, एखाद्या मारुतीला वळसा घालतो, पण पोचतो. वर्षातून एकदा पेठांची अशी कसोटी लागते आणि दरवर्षी पेठा त्यात पास होतात. वाघोलीला मात्र नगर रस्त्यावर एक डंपर बंद पडला की गाव बंद. मला वाटतं, रस्त्यांच्या जाळ्यावर इंजिनियरिंग कॉलेजात जेवढं शिकवता येईल, तेवढं या दोन दृश्यांत आहे.

आपले नियम या बाबतीत काय म्हणतात? रुंदी मोजा, म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात भूखंडावर किती टीडीआर (रस्त्यासारख्या कामाला जमीन दिल्याबद्दल रोख पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) चढवता येईल, पैसे भरून किती प्रीमियम एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं जादा बांधकाम) मिळेल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीनुसार टप्प्याटप्प्यानं ठरतं. ९ मीटरला एक टप्पा, १२ मीटरला पुढचा, ३० मीटरला त्याच्याही वरचा. तो रस्ता पुढं कुठं जातो, की दोनशे मीटरवर एखाद्या गोठ्यात संपतो, याला त्या कोष्टकात रकाना नाही. शेजारच्या जमिनीतल्या रस्त्यांशी सांगड घालावी, असं कलम नियमावलीत आहे. पण ते पाळलं म्हणून कुणाला चौरस फूट वाढवून मिळत नाहीत. ज्याला चौरस फूट मिळतात तेच बांधलं जातं. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, महापालिकेनं ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा घाट घातला, तेव्हा खूप गदारोळ झाला. कारण उघड होतं. ९ मीटर झाला की टीडीआर वापरता येतो. त्या गल्ल्या आधीच दोन्ही टोकांना मोकळ्या होत्या, धड चालत होत्या, आणि त्याच नेमक्या रुंद करायच्या होत्या. ज्या भागांत दोन रस्त्यांच्या मध्ये पन्नास-शंभर मीटरचा तुकडा कित्येक वर्षं अडून बसला आहे, त्यांच्यासाठी एवढी घाई झालेली मी तरी पाहिलेली नाही.

या तुकड्यांना आता सरकारी भाषेतही ‘मिसिंग लिंक’ म्हणतात. गंमत अशी की याच नावाचं एक प्रकरण द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटातही आहे. त्या मिसिंग लिंकसाठी डोंगर पोखरले गेले, हजारो कोटी उभे राहिले. ती चूक होती असं मी म्हणत नाही. पण मुंबईला अर्धा तास लवकर पोचण्यासाठी डोंगराला भोक पाडणारं राज्य दोन सोसायट्यांमधली सत्तर मीटर जागा घेऊ शकत नाही, हे जरा विचार करण्यासारखं आहे.

घेऊ का शकत नाही, तर पैसा आणि वेळ. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर होणार म्हणून वाजतगाजत काम सुरू झालं. जागा ताब्यात येईना, रोख मोबदल्याचा आकडा झेपेना, शेवटी रस्ता ५० मीटरवर आणला. मालक टीडीआर नको, रोख द्या म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. विकास आराखड्यात जमिनीवर रस्त्याचं आरक्षण पडलं की ती ना धड विकता येते ना बांधता येते, आणि दहा वर्षांत महापालिकेनं ती घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षणच उठवू शकतो. आराखड्यांची गती तर विचारूच नका. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. वीस वर्षांचा आराखडा, त्यातली निम्मी वर्षं मंजुरीतच गेली. १९९७ साली हद्दीत आलेल्या गावांच्या आराखड्यालाही दशकाहून जास्त काळ लागला. मग २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि पुणे महापालिका क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठी झाली. वर्तमानपत्रांनी ते अभिमानानं छापलं. मला ती बातमी वाचताना सुजलेला पाय आठवला. त्यालाही वजन वाढलं असंच म्हणायचं का?

कारण ही वाढ फणीच्या दात्यांची आहे. आराखडा येईपर्यंत इमारती उभ्या राहतात, लोक राहायला येतात, आणि मग आराखड्यातला रस्ता कुणाच्या तरी स्विमिंग पुलावरून जाताना दिसतो. आतल्या जमिनीला रस्ता मिळत नाही म्हणून ती पडून राहते, बिल्डर तिला ओलांडून आणखी चार किलोमीटर पुढं, रस्त्याला लागून असलेली जमीन घेतो. शहर लांबत जातं आणि मधे ज्वारी तशीच. ब्रोशरवर मात्र ‘आयटी पार्कपासून १० मिनिटं’. ही दहा मिनिटं कुठल्या वारी, किती वाजता मोजली, हे विचारायची सोय नसते. आणि अशा ठिकाणी बस तरी कुठं फिरवायची? पीएमपी दांडीवर धावते, दात्यांत शिरत नाही, कारण शिरली तर उलटी बाहेर काढावी लागेल. स्टॉपपर्यंत दीड किलोमीटर चालायचं तर माणूस दुचाकी घेतो. शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाल्याची बातमी २०१८ मध्ये आली, तेव्हा सगळ्यांनी पुणेकरांच्या गाडीप्रेमावर विनोद केले. आमच्या भिंतीइतक्या भिंती असतील, तर आणखी काय होणार?

आणि एकदा पडलेला रस्ता हलत नाही. इमारत पाडून पुन्हा बांधतात, पण गल्लीची रेघ पिढ्यान्पिढ्या तशीच राहते. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये जगभरच्या रस्त्यांच्या नकाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते एकमेकांशी कमी-कमी जोडलेले होत गेले आहेत. म्हणजे आपण एकटेच शहाणे नाही. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे पुढं येतो.

आधी शिवाराकडे जाऊ, कारण आपल्याकडे वाटेचा कायदा आहे आणि तो चांगला जुना आहे. १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम घ्या. कुणी तुमच्या शेताची वहिवाटीची वाट अडवली, तर तहसीलदाराकडे अर्ज करायचा. तो स्थळ पाहतो, साक्षी घेतो आणि अडथळा काढायला लावतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. शेतात जायला वाटच नसेल, तर शेजाऱ्याच्या बांधावरून ती मिळू शकते. गावनकाशात तुटक रेघांनी गाडीवाट आणि पायवाट दाखवलेली असते. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचा निर्णय तर अगदी २०२५ मधला. बांधावरून डोकी फुटतात, पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद होतं, हे सगळं मान्य. पण तत्त्व साधं आहे. जमीन तुझी असली तरी दुसऱ्याची वाट तोडायचा हक्क तुला नाही.

हीच जमीन बिनशेती झाली की हे तत्त्व गायब होतं. नकाशावरची तुटक रेघ पहिल्यांदा पार्किंगखाली जाते, मग पत्र्याचं कुंपण येतं, मग भिंत. जिथून बैलगाडी जायची तिथून आता कुत्रंही जात नाही. गावात वाट अडवली की तहसीलदार येतो; शहरात वाट अडवली की तिथं वॉचमन बसतो. आमच्या मागची पायवाटही कुणी बिल्डरनं काढलेली नव्हती. ती त्या शिवारातली जुनी वाट होती. गावातले म्हातारे सांगतात, तिच्यावरून नदीवर धुणं जायचं.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत, कारण सभेत ते मीच मांडले होते. पहिला सुरक्षिततेचा. आतल्या रस्त्यावर कुणीही येईल, पोरं खेळतात, बायका फिरतात. पण पेठेतल्या गल्लीत पोरं खेळत नव्हती का? वर्दळ असलेल्या वाटेवर चार डोळे असतात. बंद भिंतीच्या मागं अंधार, दारूच्या बाटल्या आणि कचरा असतो. आमच्या भिंतीमागं तिन्ही आहेत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वाट मोकळी केली की शॉर्टकटवाले घुसतात. सकाळी नऊला आपल्या गल्लीतून दोनशे दुचाक्या हॉर्न वाजवत गेल्या तर ते कुणालाच नको, आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना विचारा, ते हे रोज सोसतात. इथं त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट उपयोगी पडते. उत्तर युरोपातल्या काही देशांनी गाड्यांसाठी गल्ली बंद ठेवली, पण चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी तिचं टोक मोकळं केलं. दोन खांब रोवायचे, मधून माणूस जाईल, गाडी जाणार नाही. म्हणजे आमचं जुनं फाटकच. ते हँडल तिरकं करायला लावायचं हेच त्याचं शहाणपण होतं.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक रस्ता प्रत्येकाला उघडा करा असं मी म्हणत नाही. नव्या प्रकल्पाला परवानगी देताना गावनकाशा समोर ठेवा आणि त्यातली प्रत्येक तुटक रेघ तीन मीटरची सार्वजनिक पायवाट म्हणून वाचवा. ती महापालिकेच्या नावावर करा, बिल्डरला त्याबदल्यात एफएसआय द्या. रुंदीला देता, तर जोडणीला द्यायला काय हरकत आहे? मोठ्या भूखंडाला दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर तोंड असल्याशिवाय भोगवटापत्र नको. आणि जिथं अजून शेतं आहेत तिथं आराखड्याची वाट न बघता नगररचना योजना करा. त्यात एकाच मालकाची जमीन रस्त्याखाली जाऊन त्याच्या शेजाऱ्याचा भाव चढत नाही. सगळे थोडी-थोडी देतात, सगळ्यांना रस्ता मिळतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं हे आणलं. अहमदाबादनं ते सोडलं नाही, आजही तिथं शहर त्याच वाटेनं पसरतं. आपण १९६६ च्या नगररचना कायद्यानंतर आरक्षणाच्या मागं लागलो आणि योजना जवळजवळ विसरलो. म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएनं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) आणि उरुळी देवाची-फुरसुंगीला महापालिकेनं ती पुन्हा हातात घेतली, पण चाल गोगलगायीची. शेतकरी एकत्र येत नाहीत, हे कारण तर पुण्यात कुणी सांगूच नये. हडपसरला शंभरावर शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर एकत्र करून मगरपट्टा उभा केला. आतले रस्ते बघण्यासारखे आहेत. माझी तक्रार एवढीच की अशा वसाहतींचं आतलं जाळं बाहेरच्या जाळ्याला नीट शिवलेलं नसतं, आणि ते शिवणं हे काम शेतकऱ्यांचं नव्हतं, शासनाचं होतं.

योगायोग म्हणजे १९१५ च्या त्या कायद्याच्या सुमारासच पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यातली गावं पायी हिंडत होता. जुन्या वस्तीतून बुलडोझरसारखे रुंद रस्ते काढू नका, अडलेल्या गल्ल्या हलक्या हातानं मोकळ्या करा, असं तो पालिकांना सांगत असे. पुढं मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं ऐकून कुठल्या पालिकेनं किती गल्ल्या मोकळ्या केल्या हे बाजूला राहू द्या. पण शंभर वर्षांपूर्वी याच भागात कुणीतरी हे सांगून गेलं होतं, एवढं तरी आठवणीत असावं.

येत्या वार्षिक सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे. मागचं फाटक पुन्हा बसवावं, सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवावं. सेक्रेटरींनी कागद घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मागच्या वेळी तुम्हीच तर…” मी हो म्हटलं. कागदावर अनुमोदक म्हणून दुसऱ्या सभासदाची सही लागते, ती अजून मिळालेली नाही. दोघांनी विचार करून सांगतो म्हटलं आहे, एकीनं मुलांच्या सुरक्षिततेचं कारण दिलं. मावशींना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “बघा काय होतंय ते. पण तोवर एखादं जाड पोतं असलं घरात तर द्या, हे आता फाटाय लागलंय.”